छापण्याआधी एवढे विचारा: मूत्रपिंडविकारांच्या मुक्त-प्रवेश नियतकालिकांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मा. संपादक मंडळे,
भारतातून निघणारी, मूत्रपिंडविकारांवरील मुक्त-प्रवेश वैद्यकीय नियतकालिके

स. न. वि. वि.

पत्रास कारण, तुमच्या संकेतस्थळांवरचे 'संपादकीय धोरण' हे पान. साहित्यचौर्य चालणार नाही, नैतिकता समितीची परवानगी हवी, हितसंबंध जाहीर करा, लेखकत्वाचे चारही निकष पूर्ण करा, एआयला लेखक म्हणून दाखवू नका. यातले काहीच चुकीचे नाही. पण हे जवळजवळ सगळे आयसीएमजेई (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) आणि कोप (प्रकाशनातील नैतिकतेची समिती) यांच्या मजकुरावरून उतरवलेले आहे. वरचे नाव बदलून तेच पान उद्या त्वचारोगाच्या नियतकालिकाला लावले, तर एकही ओळ बदलावी लागणार नाही. किडनीच्या लेखांत नेमके जे चुकते, ते या जाळ्यातून अलगद निसटते. तीन महिन्यांनी एखाद्या परीक्षकाच्या लक्षात येते, तोवर लेखकाची प्रयोगशाळा बदललेली असते, रजिस्टर रद्दीत गेलेले असते आणि निवासी डॉक्टर पास होऊन गावी परतलेला असतो.

आम्ही नेफ्रॉलॉजिस्ट, रीनल पॅथॉलॉजिस्ट, जैवसांख्यिकीतज्ज्ञ आणि डायलिसिस युनिट चालवणारी मंडळी आहोत. तुमच्याकडे लेख पाठवतो आणि तुमच्यासाठी लेख तपासतोही. आमची मागणी एकच आहे: लेख दाखल करण्याच्या ऑनलाइन अर्जातच किडनीपुरते काही प्रश्न सक्तीचे करा. उत्तर रिकामे असेल तर लेख परीक्षकाकडे जाऊच नये.

हे मुक्त-प्रवेश, म्हणजे कुणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या, नियतकालिकांनाच का सांगतो? केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या नियतकालिकांच्या वर्गणीच्या योजनेत 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये ठेवले आहेत. पण तिचा लाभ सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना. तालुक्याच्या गावी खासगी युनिटमध्ये डायलिसिस करणाऱ्या डॉक्टरच्या हाती येतो तो तुमचाच अंक. त्यात छापलेला आकडा तो दुसऱ्या दिवशी रुग्णाला लावतो.

सुरुवात क्रिएटिनिनपासून, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते त्या स्नायूंतल्या टाकाऊ पदार्थापासून करू, कारण बहुतेक लेखांचा पाया तोच असतो. पन्नास वर्षांचा पुरुष घ्या, क्रिएटिनिन 1.4 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एमडीआरडीच्या सूत्राने त्याचा ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) 54 येतो, 2009 च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने 58 आणि 2021 च्या सूत्राने 61. माणूस तोच, रक्त तेच. पहिल्या दोन सूत्रांनी तो जी3ए टप्प्यात (45 ते 59) बसतो, तिसऱ्याने जी2 मध्ये (60 ते 89); आणि लघवीत अल्ब्युमिन किंवा किडनीच्या नुकसानीची दुसरी खूण नसेल तर त्याला सीकेडी (दीर्घकालीन मूत्रपिंडविकार) म्हणताच येत नाही. आता क्रिएटिनिन 1.4 ऐवजी 1.5 धरा. एवढा फरक दोन प्रयोगशाळांत सहज पडतो. 2021 चेच सूत्र आता 56 सांगते. म्हणजे एखाद्या तालुक्यातला सीकेडीचा 'प्रादुर्भाव' यंत्र आणि सूत्र बदलून वरखाली करता येतो, आणि लेखात मात्र 'ईजीएफआर काढण्यात आला' एवढेच वाक्य असते.

म्हणून अर्जात हे विचारा. क्रिएटिनिन जाफे पद्धतीने मोजले की एन्झाइम पद्धतीने? कॅलिब्रेशन आयडीएमएस या प्रमाण संदर्भपद्धतीशी जोडलेले होते का? सगळे नमुने एकाच प्रयोगशाळेत गेले का? जाफे पद्धतीत कीटोन वाढलेले असतील तर क्रिएटिनिन खोटे जास्त दिसते, बिलिरुबिन वाढलेले असेल तर खोटे कमी. मधुमेहाच्या कीटोअॅसिडोसिसवरचा किंवा काविळीच्या रुग्णांवरचा लेख असेल तर ही माहिती वगळून चालणारच नाही. पुढे, सूत्राचे नाव सालासकट लिहा. 2009 च्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी 1.159 चा गुणक होता, तो 2021 मध्ये काढला गेला. भारतीय रुग्णांना तो कधी लागूच नव्हता, तरी कुणाच्या एक्सेल शीटमध्ये काय गुणले गेले आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. शिवाय ही सूत्रे प्रामुख्याने अमेरिका-युरोपातल्या लोकांवर बेतलेली आहेत. कमी स्नायू आणि शाकाहार असलेल्या माणसाचे क्रिएटिनिन मुळातच कमी, त्यामुळे ईजीएफआर फुगतो. स्नायूंवर फारसे न अवलंबणारी सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी सगळीकडे परवडत नाही हे आम्हालाही कळते. केली नसेल तर नसो, पण मर्यादांच्या परिच्छेदात ते स्पष्ट लिहिलेले असावे.

आणि हो, 'दीर्घकालीन' म्हणायला तीन महिने लागतात. एका शिबिरात एकदा रक्त घेऊन गावभर सीकेडीचे शिक्के मारणारे लेख आजही येतात, छापलेही जातात. दुसरी तपासणी झाली नसेल तर लेखाच्या शीर्षकात 'सीकेडी' हा शब्द वापरू देऊ नका. त्याऐवजी 'एका तपासणीत कमी आढळलेला ईजीएफआर' लिहायला लावा. लेखकांना रुचणार नाही.

एकेआयच्या, म्हणजे किडनीच्या अचानक झालेल्या बिघाडाच्या लेखांत दुसरीच गंमत असते. केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेच्या व्याख्येप्रमाणे 48 तासांत क्रिएटिनिन 0.3 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढले, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झाले, किंवा सलग सहा तास लघवी दर किलोला ताशी 0.5 मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर एकेआय. प्रश्न 'मूळच्या' या शब्दाशी अडतो. जुना रिपोर्ट नसला की बरेच जण ईजीएफआर 75 धरून उलटे गणित करतात. साठ वर्षांच्या पुरुषासाठी हे गणित मूळ क्रिएटिनिन साधारण 1.0 देते. आता हा माणूस गेली पाच वर्षे 2.0 वर स्थिर असेल, फक्त कधी तपासलेले नसेल, तर तापासाठी दाखल होताच तो कागदावर दुसऱ्या टप्प्याचा एकेआय ठरतो. घरी जातानाही क्रिएटिनिन 2.0 च, म्हणून 'किडनी पूर्ववत झाली नाही' या रकान्यातही त्याचीच भर. तेव्हा तीन गोष्टी लिहून घ्या: किती रुग्णांचे मूळ क्रिएटिनिन खरोखर उपलब्ध होते, किती जणांचे गृहीत धरले, आणि गृहीत धरलेले रुग्ण वगळल्यावर निष्कर्ष टिकतो का. लघवीचा निकष वापरला नसेल तर तेही लिहावे; वॉर्डात दर तासाची लघवी कोण मोजतो ते आपण सगळेच जाणतो.

डायलिसिसवरच्या लेखांत केटी/व्हीचा (एका सत्रात रक्तातला युरिया किती निघाला याचे माप) आकडा दिलेला असतो, पण रक्त कसे घेतले ते नसते. डायलिसिस संपताना पंप वेगात असतानाच नमुना घेतला आणि फिस्टुलामध्ये (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) पुनर्भिसरण असेल, तर नुकतेच शुद्ध झालेले रक्त त्यात मिसळते, युरिया खोटा कमी दिसतो आणि केटी/व्ही फुगतो. म्हणून पंप मिनिटाला 100 मिलिलिटरवर आणून 15 सेकंद थांबायचे आणि मग धमनीच्या बाजूने नमुना घ्यायचा. हे एक वाक्य कार्यपद्धतीत नसेल तर तो आकडा आम्ही वाचत नाही. तुम्हीही छापू नये.

त्याहून मोठी चूक आठवड्यातून दोनदा होणाऱ्या डायलिसिसची. प्रत्येक सत्राला किमान 1.2 आणि उद्दिष्ट 1.4 हे केडोकी या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांचे आकडे आठवड्यातून तीन सत्रांसाठी आहेत. आपल्याकडे पैशापायी, अंतरापायी दोनच सत्रे घेणारे रुग्ण भरपूर. त्यांचा प्रत्येक सत्राचा केटी/व्ही 1.3 आला की लेखक 'डायलिसिस पुरेसे' लिहून मोकळे. वेगळ्या वेळापत्रकासाठी आठवड्याचा प्रमाणित केटी/व्ही काढायचा असतो. त्याचे उद्दिष्ट 2.3, किमान 2.1, आणि त्यात रुग्णाची स्वतःची उरलेली लघवी धरायची असते. ती मोजलीच नसेल तर पुरेसे-अपुरे हे शब्द वापरायचा अधिकार लेखकाला नाही. डायलायझर (रक्त गाळणारी नळी) पुन्हा वापरले होते का, सरासरी किती वेळा, आणि आतले आकारमान मूळच्या 80 टक्क्यांखाली आल्यावर टाकून दिले जात होते का, हेही विचारा. सगळे करतात आणि लिहीत कुणी नाही, अशातली ही गोष्ट आहे. पुनर्वापर हा गुन्हा नाही. लपवल्यामुळे मात्र दोन युनिटची तुलना निरर्थक होते.

जगण्या-मरण्याच्या आकड्यांबाबत आणखी एक. डायलिसिसच्या भारतीय अभ्यासांत 'लॉस्ट टू फॉलोअप' (संपर्क तुटलेले) असा एक रकाना असतो आणि तो फार सोयीचा असतो. त्यात पैसे संपले म्हणून उपचार सोडणारे असतात, गावाजवळच्या युनिटला गेलेले असतात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून दुसऱ्या रुग्णालयात वळलेले असतात, घरी मेलेलेही असतात. कॅप्लान-मायर या जगण्याच्या आलेखात या सगळ्यांना 'सेन्सॉर' केले, म्हणजे त्या दिवसापुढे मोजणीतून वगळले, की उरलेल्यांचे आयुष्य छान दिसते, कारण पद्धत धरून चालते की गेलेले आणि राहिलेले सारखेच होते. इथे ते धादांत खोटे आहे. धोरणात लिहा: संपर्क तुटलेल्या प्रत्येक रुग्णाला फोन केला का, किती जणांचा ठावठिकाणा लागला, त्यातले किती हयात होते. प्रत्यारोपण झालेल्यांना वेगळी, स्पर्धक घटना म्हणून मोजा. आणि डायलिसिस नव्याने सुरू झालेले व आधीपासून चालू असलेले रुग्ण एकाच आलेखात कालवू देऊ नका. पहिल्या 90 दिवसांत जे गेले ते दुसऱ्या गटात नसतातच.

प्रत्यारोपणाचा भाग सगळ्यांत नाजूक. 2019 मध्ये बीएमजे ओपन या नियतकालिकात चीनमधल्या हृदय, यकृत आणि फुप्फुस प्रत्यारोपणावरच्या 445 अभ्यासांची छाननी प्रसिद्ध झाली. त्या अभ्यासांत मिळून 85,477 प्रत्यारोपणे होती. अवयव देहदंड झालेल्या कैद्यांचे होते की नव्हते, हे 92.5 टक्के अभ्यासांनी सांगितलेच नव्हते. दात्याच्या संमतीचा उल्लेख 99 टक्क्यांत नव्हता. पण 73 टक्के अभ्यासांत नैतिकता समितीची मंजुरी मात्र नोंदलेली होती. त्यानंतर काही नियतकालिकांना लेख मागे घ्यावे लागले. समितीच्या पत्राचा क्रमांक अवयव कुठून आला ते सांगत नाही. संपादकाने ते वेगळे विचारावे लागते.

आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा, 2011 ची दुरुस्ती आणि 2014 चे नियम आहेत. तरीही 'आमच्या केंद्रातील इतकी प्रत्यारोपणे' अशा लेखांत दात्यांबद्दल दोन ओळी असतात. आमच्या मते हे तक्त्यातच यायला हवे: जिवंत दाते किती, मरणोत्तर किती, जिवंत दात्यांत कायद्याने जवळचे नातेवाईक किती, त्यांतले जोडीदार किती, नात्याबाहेरचे किती आणि त्या प्रत्येकाला प्राधिकार समितीची मंजुरी होती का, दोन कुटुंबांतली दात्यांची अदलाबदल किती, परदेशी नागरिक किती. मरणोत्तर अवयव कोणत्या वाटप यंत्रणेतून आला तेही. महाराष्ट्रात हे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या झेडटीसीसीमार्फत (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र) होते, त्यामुळे उत्तर द्यायला कुणाला अडचण पडू नये. अवयवांच्या व्यापाराविरुद्धच्या इस्तंबूल जाहीरनाम्याचे पालन केले, एवढ्या छापील वाक्यावर भागवू नका. परदेशात जाऊन किडनी 'बसवून' आलेल्या रुग्णांच्या गुंतागुंतींवर लेख येतात. ते छापावेत, कारण संसर्गाची माहिती मोलाची असते. मात्र शस्त्रक्रियेत लेखकांचा हात नव्हता आणि रुग्ण त्यांनी पाठवला नव्हता, एवढे लेखी घ्या.

तक्त्यात दात्याचे आणि घेणाऱ्याचे लिंग जोडीने द्यायला लावा. देणाऱ्या बहुतांशी बायका आणि घेणारे बहुतांशी पुरुष, हे चित्र आपल्याकडे इतके सवयीचे झाले आहे की लेखात त्यावर चर्चाच नसते. आणि दात्याचे पुढे काय झाले? एका वर्षानंतर किती दात्यांचे क्रिएटिनिन, रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन उपलब्ध आहे, हा आकडा शून्य असला तरी छापा.

बायोप्सीचे थोडक्यात. ग्लोमेरुलाय (किडनीतले रक्त गाळणारे सूक्ष्म गुच्छ) किती मिळाले ते प्रत्येक गटासाठी लिहावे. आयजीए नेफ्रोपॅथीत (या गुच्छांत आयजीए प्रतिपिंड साचण्याचा आजार) ऑक्सफर्ड वर्गीकरण लावायचे तर किमान आठ हवेत. प्रत्यारोपित किडनीत बॅन्फ वर्गीकरणाप्रमाणे पुरेशा नमुन्याला दहा ग्लोमेरुलाय आणि दोन धमन्या. इम्युनोफ्लुओरेसन्स (चमकत्या रंगाने प्रतिपिंड शोधण्याची तपासणी) झाले नसेल तर ते सांगावे. छायाचित्राखाली रंजक द्रव्याचे नाव आणि चित्रात मापपट्टी असावी. नुसते '400 पट' लिहून उपयोग नाही, पडद्यावर चित्र मोठे केले की तो आकडा बाद. मूळ, न कापलेली प्रतिमा लेखासोबतच मागून घ्या, संशय आल्यावर नको.

रुग्णवृत्तान्तांबद्दल मात्र जरा सविस्तर बोलावे लागेल. मुक्त-प्रवेश म्हणजे रुग्णाचा शेजारीही तो लेख मोबाइलवर उघडू शकतो. डोळ्यांवर काळी पट्टी मारून ओळख लपत नाही. आयसीएमजेईनेही ती अपुरी म्हटली आहे. त्याहून जास्त ओळख पटते ती वय, गाव, धंदा आणि दाखल झाल्याची तारीख एकत्र आली की. चौतीस वर्षांचा, अमुक तालुक्यातला, द्राक्षबागेवर फवारणी करणारा आणि गणपतीच्या आठवड्यात दाखल झालेला माणूस गावात एकच असतो. फवारणी निदानासाठी महत्त्वाची असेल तर ती ठेवा, तालुका आणि तारीख काढा. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावे आणि 'हे इंटरनेटवर कुणालाही वाचता येईल, मागाहून पूर्ण पुसता येणार नाही' हे वाक्य त्यात असावे. ऑपरेशनच्या संमतीपत्रावरची सही यासाठी चालत नाही.

उलट एक माहिती तुम्ही काढून टाकता, ती ठेवायला हवी. पाऱ्यामुळे होणाऱ्या, नेल-1 हे प्रथिन आढळणाऱ्या मेंब्रेनस नेफ्रोपॅथीचे (लघवीतून प्रथिन जाणारा किडनीचा आजार) रुग्ण आपल्या देशात दिसत आहेत. केरळमधून गोरेपणाच्या क्रीमशी, तर इतरत्र पारा असलेल्या पारंपरिक औषधांशी संबंध नोंदला गेला आहे. असे वृत्तान्त येतात तेव्हा अब्रुनुकसानीच्या भीतीने 'एक स्थानिक क्रीम' किंवा 'एक देशी औषध' एवढेच छापले जाते. वाचणाऱ्या डॉक्टरने मग रुग्णाला नेमके काय विचारायचे? यासाठी धोरण असे ठेवता येईल: नमुन्यातला पारा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मोजलेला असेल, रुग्णाच्या रक्त-लघवीतली पातळी दिलेली असेल आणि बॅच क्रमांक उपलब्ध असेल, तर उत्पादनाचे नाव छापायचे आणि औषध सुरक्षा यंत्रणेला कळवल्याचा पुरावा मागायचा. मोजमाप नसेल तर नाव नाही. हाच नियम वनस्पतिजन्य औषधांच्या चाचण्यांना लावा: वनस्पतीची प्रजाती, भाग, जड धातूंची तपासणी. 1990 च्या दशकात ब्रुसेल्सला वजन कमी करायच्या गोळ्यांत अॅरिस्टोलोकिया जातीची वनस्पती आली आणि बायकांच्या किडन्या गेल्या. 'हर्बल' एवढ्या लेबलाने किडनी वाचत नाही.

चाचण्यांची नोंदणी तुम्ही मागता, पण तारीख जुळवून पाहता का? सीटीआरआयवर (भारतातली चाचण्यांची नोंदवही) 1 एप्रिल 2018 पासून फक्त आधीच केलेली नोंदणी चालते. पहिला रुग्ण कधी घेतला हा रकाना लेखातल्या तारखेशी ताडून पाहायला पाच मिनिटे लागतात. मुख्य निष्कर्ष बदलला आहे का तेही तिथेच दिसते: नोंदणीत 'क्रिएटिनिन दुप्पट होणे', लेखात 'प्रथिनात घट'. एसजीएलटी2 औषधांच्या (मधुमेह आणि किडनीविकारात देतात ती) अभ्यासात ईजीएफआर सुरुवातीला थोडा उतरतो, म्हणून ईजीएफआरचा उतार पहिल्या दिवसापासून मोजला की काही आठवड्यांनंतरपासून, यावर निकाल फिरतो. दोन्ही द्यायला लावा.

हितसंबंधांच्या अर्जात औषध कंपन्यांचे मानधन विचारले जाते. डायलिसिस केंद्रात भागीदारी आहे का, प्रत्येक सत्रामागे वाटा मिळतो का, हे कुणी विचारत नाही. आठवड्याला तीन सत्रे की दोन, डायलिसिस लवकर सुरू करावे की थांबावे, या लेखांत हाच हितसंबंध सर्वांत जवळचा असतो.

पैशाचेही स्पष्ट बोलू. लेखकाकडून शुल्क घेत असाल तर रक्कम पहिल्या पानावर लिहा, करासकट. सवलतीचा अर्ज आणि निर्णय संपादकाच्या नजरेआड, कार्यालयात व्हावा. हा लेखक पैसे देणार की नाही हे संपादकाला कळताच कामा नये. जादा पैसे घेऊन 'जलद परीक्षण' ही सोय बंद करा. परवान्याच्या बाबतीत आमचा कौल सीसी-बायला, म्हणजे श्रेय देऊन कुणालाही मजकूर वापरू देणाऱ्या परवान्याला. अव्यावसायिक अटीचा परवाना असेल तर खर्चापुरती किंमत ठेवून काढलेल्या मराठी रुग्णपुस्तिकेत तुमचा तक्ता वापरता येईल की नाही, यावर वकील गाठावा लागतो; 'फेरफार नको' अशी अट असेल तर भाषांतरच करता येत नाही. त्याच ओघात, रुग्णांशी थेट संबंध असलेल्या लेखांना दीडशे-दोनशे शब्दांचा सोपा सारांश रुग्णाच्या भाषेत जोडायची मुभा द्या. आहारातल्या पोटॅशियमवरचा लेख इंग्रजीत मुक्त असून बीडच्या रुग्णाला त्याचा काय उपयोग? सारांश लेखकानेच लिहावा आणि डायलिसिस टेक्निशियन किंवा आहारतज्ज्ञाने तपासावा. भाषांतराच्या यंत्रातून काढलेला 'कमी मीठ' आणि 'कमी सोडियमचे मीठ' यांत गल्लत करतो, आणि दुसऱ्यात पोटॅशियम असते.

शेवटी मागे घेतलेल्या लेखांबद्दल. लेख संकेतस्थळावरून गुपचूप गायब करू नका. तो तिथेच राहावा, प्रत्येक पानावर 'मागे घेतला' असे ठळक उमटवलेले असावे, कारणाची सूचना वेगळी, सर्वांना खुली आणि लेखाशी जोडलेली असावी. चूक प्रामाणिक होती की बनावट, हे त्या सूचनेत लिहावे. लेखातला डोस चुकला असेल, समजा व्हँकोमायसिनचा किंवा अॅसायक्लोव्हिरचा, तर दुरुस्तीसाठी पुढच्या अंकाची वाट पाहू नये. त्याच दिवशी लेखाच्या माथ्यावर ती दिसावी.

यातले प्रश्न जसेच्या तसे उचलून अर्जात घातलेत तरी आमची हरकत नाही, श्रेयही नको. सगळे एकदम जमणार नसेल तर क्रिएटिनिनची पद्धत, मूळ क्रिएटिनिनचा उगम, दात्यांचा तक्ता आणि डायलिसिस केंद्रातली भागीदारी या चारांपासून सुरू करा. पुढच्या अंकाच्या लेखकांना तसे कळवता येईल का, एवढे कृपया उत्तरी लिहावे.

कळावे,
आपले विश्वासू,
मूत्रपिंडविकार, रीनल पॅथॉलॉजी, जैवसांख्यिकी आणि डायलिसिस सेवेत काम करणारे काही लेखक-परीक्षक